राबाची माती

टेपाची वाडी, पो. धसई
१५ जानेवारी १९९७

सावळे,

हे अक्षर बघून घाबरू नको, कोणी मेलं नाय. अक्षर माझंच आहे. तुझी मोठी जाऊ रखमी लिहायला शिकली. अनिताबाई दुपारची धसईहून येते, समाजमंदिरात वर्ग घेते, आमी अकरा बायका बसतो. तू ह्या घरात नवी आलीस तेव्हा बोलली होतीस, "बाय, मी सातवी शिकले, तुमाला शिकवू का?" आणि मी बोलली होती, "अक्षर काय शिजवून खायचंय?" आता चाळिशी उलटल्यावर पाटी घेऊन बसलीय. हस, हस. तोंडावर हसायला नायस, तर तिकडं माहेरी बसून हस.

बाईनं सांगितलं पत्राच्या वरती काय काय लिहायचं असतं, कृपा, कुशल, साष्टांग. ते पाठ होईस्तोवर पुढचं भात कापणीला येईल. म्हणून सरळ सुरू करते.

तुमच्या वाट्याचं भात, दोन गोणी, मंगळवारी मुरबाडला शहापूरच्या एसटीवर चढवलं. आमच्या ह्यांनी स्वतः टपावर बांधलं. तुमच्या वरच्या खाचरात यंदा जरा कमी पिकलं, पण दाणा चांगला आहे. धोंडीभावजींना सांग, भावानं भावाच्या वाट्यात हात घातलेला नाय.

आणि एक. टेपाच्या उतारावर घळ आहे ना, तिच्या वरच्या तोंडाशी मी सागाच्या पाच खुंट्या ठोकल्यात. पहिली अगदी कडेला, मग दोन दोन हातांवर एकेक, पाचवी तुमच्या खाचराच्या बांधाला टेकून. का ठोकल्या, विचारशील. तीन वर्षांमागं गावकीत मी उभी राहून बोलली होती, की सावळीच्या अकरा बकऱ्यांनी उतार बोडका केला म्हणून घळ पडली. त्यावरून तुमाला गाव सोडावं लागलं. लोक मागून बोलतात, रखमीनं जावेवर डूख धरला. आता बकऱ्या नायत. घळ जागच्या जागी थांबली, की एकेकाला हाताला धरून खुंट्या दाखवीन.

पूजा कितवीत गेली? तिला माझं अक्षर दाखवू नको.

रखमी


५ ऑक्टोबर १९९७

सावळे,

तुझं कार्ड मिळालं, आठ महिन्यांनी. "भात पोचलं. बरे आहोत." चार शब्द! एवढं मोठं कार्ड कोरं पाठवायला जिवावर कसं आलं नाय तुझ्या?

खुंट्यांचं विचारू नको. तू विचारणार नायस ठाऊक आहे, तरी विचारू नको. पहिली गेली, दुसरीपण गेली. सकुबाईचा पाडा तिथं शिंगं घासतो, त्यानं उपटल्या असतील. तुमच्या बांधाच्या कोपऱ्याला बारीक चीर गेलीय, विशेष काय नाय, ह्यांनी दगड रचलेत.

तलाठी आला होता. टेपाचा उतार बघून बोलला, हे सगळं आता पोटखराब्यात लिहायला लागणार. मी वर्गात अनिताबाईला विचारलं, पोटखराबा म्हंजे काय? बाई बोलली, जिथं काय पिकत नाय ती जमीन, सातबाऱ्यावर तसं लिहितात. मग तिनं भूगोलाचं पुस्तक काढून चित्र दाखवलं. नुसत्या घळीच घळी, मधे मातीचे सुळके, झाड नाय, घर नाय, गुरंढोरं नाय. खाली नाव छापलेलं, उत्खातभूमी. मेला काय शब्द तो! पाच वेळा गिरवला तेव्हा हाताला बसला. कमळ बोलली, "बाई, ही डाकू लोकांची जागा ना, घोड्यावरनं पळतात ती?" बाई बोलली, हो, चंबळची, तिकडं बीहड म्हणतात. मी बोलली, आमच्या टेपावर डाकू आला तर उपाशी मरेल, पहिला माझ्याकडंच भाकरी मागायला येईल. सगळ्या हसल्या.

मग बाई अर्थ सांगायला लागली. उत्खात म्हंजे खणलेली, उकरून काढलेली. मी विचारलं, "कोणी खणली?" बाई बोलली, "पाण्यानं."

मी वही मिटून घरी आली. दोन दिवस वर्गाला गेली नाय. डोकं दुखत होतं.

रखमी


२२ फेब्रुवारी १९९८

सावळे,

हे पत्र एकटीनं वाच. भावजींना काय सांगायचं ते तू ठरव.

मुरबाडच्या एका संस्थेचा माणूस वाडीत यायला लागलाय, कमळाकर नाव. पाणी अडवा, माती अडवा, असली कामं करतो. परवा तो गावातल्या दहा-बारा जणांना घेऊन घळीत उतरला. मी पण गेली पाठून. मागच्या पत्रात दोन खुंट्या गेल्या लिहिलं ना, तीन गेल्यात. पाड्यानं नाय उपटल्या. कड खचली आणि त्या खाली गेल्या. आता दोन राहिल्यात.

मी त्याला बोलली, "साहेब, वर बकऱ्या चरायच्या, तिथनं ही घळ खाली आली." तो बोलला, "मावशी, घळ वरून खाली येत नाय. ती खालून वर चढते. पायथ्याशी खड्डा पडला की उताराचं पाणी त्यात उडी घेतं. उडीनं कड खचते, मग कड मागं सरते, दर पावसात थोडी थोडी. बकऱ्या असोत नसोत, ती चढतच राहते. ह्या खुंट्या कोणी ठोकल्या? शाबास त्याची. बघा, बकऱ्या नसताना चार हात चढली." माझ्याच खुंट्या, सावळे! माझ्याच हातानं ठोकलेल्या!

मग तो आमाला घेऊन पार खाली गेला, घळ जिथनं सुरू होते तिथं. तो मोठा खड्डा आहे ना, आता बैल उभा राहील एवढा झालाय. त्यानं विचारलं, "इथली माती कोणी काढली?" मी बोलली, "पावसानं."

तुला ठाऊक आहे कोणी काढली.

भाताच्या रोपासाठी जमीन भाजायची, राब करायचा, तर शेणावर टाहाळाच्या फांद्या, त्यावर वाळका पातेरा, आणि सगळ्यात वर बारीक मातीचा थर लागतो, नायतर भडकन पेटून जातो आणि खालची जमीन कच्ची राहते. सासूबाईंचा नियम होता, राबाची माती ओढ्याच्या वळणावरनं आणायची. बोलायच्या, "पाणी जिथं माती आणून टाकतं तिथली घ्यावी, जिथनं नेतं तिथली घेऊ नये." पण ओढा लांब, डोक्यावर पाटी, वर चढ. त्या गेल्या त्याच वर्षी मी टेपाच्या पायथ्याशी कुदळ घातली. लोण्यासारखी माती, आणि घरापासून हाकेवर. निम्म्या दिवसात काम उरकायचं. बाकीच्या बायका बोलायच्या, रखमीचा हात चलाख. मला बरं वाटायचं. पंधरा वर्षं खणली मी तिथं.

तू नवी असताना एकदा बोललीस, "बाय, हा खड्डा मोठा व्हायला लागला, ओढ्यावरनं आणू या का?" मी बोलली, "तुझं माहेर ओढ्यात आहे काय? जा तूच." आणि तू खरंच गेलीस. त्यापुढं तुझ्या राबाची माती तू ओढ्यावरनंच आणलीस. मला त्याचा राग यायचा. गाव बघतंय, धाकटी लांबनं आणते आणि मोठी दारातनं, असं वाटायचं.

गावकीत मी बकऱ्यांचं बोलली तेव्हा तू माझ्याकडं बघितलंस. एक शब्द बोलली असतीस तर मी तिथंच मेली असती. मोठी जाऊ म्हणून गप बसलीस, की माझी किळस आली म्हणून, ते मला अजून कळलं नाय. घळ खालून चढते हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आईशप्पत. पण खड्डा माझा आहे आणि कोणीतरी बोलायच्या आत दुसऱ्याचं नाव घ्यावं, एवढं ठाऊक होतं. गावकीच्या वतीनं कुंडलिकबाबा बोलले, बकऱ्या विका नायतर गाव सोडा. तू बकऱ्या विकल्या नायस. उन्हं उतरल्यावर तुमी तिघं बकऱ्या हाकत डोळखांबच्या वाटेला लागलात. मी दारात उभी होती. मनात बोलली, बरं झालं.

आता पुढचं ऐक. कमळाकर बोलतो, ह्या उन्हाळ्यात घळीत ओळीनं दगडी बांध घातले तर ती थांबेल. नाय घातले तर पहिल्या दोन पावसात तुमचा बांध जाईल आणि पाठोपाठ खाचर. त्याला गावाचे हात पायजेत. आणि गाव बोलतं, धोंडीचं खाचर, त्याच्याच बकऱ्यांची करणी, तो तर गाव सोडून बसला, आमी कशाला दगड वाहायचे? मी तिथंच बसली होती. तोंड उघडलं नाय.

रखमी


१५ मार्च १९९८

सावळे,

ह्या वेळी आठ शब्द. "मला काय सांगता? मला ठाऊकच होतं. गावाला सांगा." प्रगती आहे तुझी.

तीन दिवस मी तुझ्यावर जळत होती. भाकऱ्या करपल्या, ह्यांना उगाच बोलली, मांजरीला लाथ घातली. चौथ्या दिवशी वाटलं, करपायचं ते करपलं, आता तवा उतरवावा.

होळीच्या दुसऱ्या दिवशी गावकी बसते ती उंबराखाली. पुढं पुरुष, मागं आमी, विचारल्याशिवाय बोलायचं नाय. ह्यांना आधी सांगितलं नाय, सांगितलं असतं तर घरात कोंडलं असतं. मी उठून उभी राहिली. कुंडलिकबाबा बोलले, "रखमे, सणाचा दिस हाय, घरचं घरी ठेव."

मी बोलली, "घरचं नाय बाबा, टेपाचं हाय."

लुगड्याचा काठ मुठीत धरून ठेवला. बोलली, "टेप सावळीच्या बकऱ्यांनी नाय खाल्ला. मी खाल्ला. राबाच्या मातीसाठी पंधरा वर्सं पाटीनं खाल्ला. कमळाकर साहेबांनी विचारलं तेव्हा मी पावसाचं नाव घेतलं, आणि त्याच्या आधी ह्याच जागी बकऱ्यांचं घेतलं होतं. सावळीला ठाऊक होतं. ती बोलली नाय."

आमचे हे जमिनीकडं बघत बसले. मला वाटलं, आता संपलं, ह्या गावात माझं तोंड संपलं. तेवढ्यात मागनं तानी म्हातारी बोलली, "ती एकलीच काय? मी बी तितनंच नेली. गुडघे दुखायचे माझे." मग कमळ उभी राहिली. मग सकुबाई. आमी सात जणी झालो! माझं बघून बघून सगळ्यांनीच तिथं कुदळी घातलेल्या, आणि सगळ्याच गपचिळी धरून बसलेल्या. शेवटी कुंडलिकबाबांची सून उभी राहिली तेव्हा बाबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. सारं गाव हसलं. मी हसता हसता रडायला लागली, मला थांबता येईना.

गावकीनं ठरवलं ते लिहिते, नीट वाच. बकऱ्यांचा निवाडा मोडला. धोंडीच्या घरावर बोट नाय. चैत्रापासून घरटी एक माणूस घळीत दगड लावायला.

हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाय. तिसऱ्या दिवशी विचारलं, "पहार कुठं ठेवलीस?"

रखमी


२४ मे १९९८

सावळे,

तू येशील असं वाटलं नव्हतं. पूजाला घेऊन फाट्यावर उतरलीस ते मी घळीतनं बघितलं आणि हातातला दगड पायावर पाडून घेतला. अंगठ्याचं नख अजून काळं आहे.

चार दिवस राहिलीस ती तानीच्या घरी. आमच्या दारावरनं गेलीस, पाणीसुद्धा प्यायली नायस. घळीत दगडांची साखळी धरली तेव्हा तू माझ्यापासनं चौथी होतीस. मधल्या तिघी बिचाऱ्या घाबरून बोलेनात. दगड माझ्या हातनं निघून तुझ्या हातात जायचा, एवढंच आपलं बोलणं. तरी तू कमळाकरला झापलंस ते मला फार आवडलं. "साहेब, मोठा दगड खाली आन त्याचं पोट आत घ्या, नायतर पयल्या लोंढ्यात बसकण मारंल." इंजिनेर माणूस तो, पण त्यानं गप ऐकलं आणि पाचवा बांध उतरवून परत रचला.

तू गेल्यावर आणखी सहा झाले. एकूण चौदा. तिसरा बांध आमचे हे आणि कुंडलिकबाबा भांडत भांडत रचत होते, त्याचा मला भरवसा नाय. वरती तुमच्या बांधाच्या कडेनं चर खणून पाणी बाजूला काढलंय. माझा खड्डा दगडांनी भरला. राबाची माती यंदा आमी सगळ्या ओढ्यावरनं आणली, वाटेत गाणी म्हणत. तुमच्या खाचराचा राबपण मीच भाजला. ती माती माझ्या डोक्यावरनं आली, ओढ्यावरनं, तानीला विचार.

धसईच्या स्टँडवर मी पाठोपाठ आली होती. तू एसटीच्या खिडकीतनं बोललीस, "बाय, तुमी मला सगळं लिहिलंत. गावकीत बोललात. मला मात्र एक गोष्ट नाय बोललात." आणि गाडी सुटली.

मला ठाऊक आहे कुठली. चार वेळा कागद घेतला. तोंडात येते, हातात येत नाय. माझी जीभ लांब आहे, तूच बोलायचीस, पण तेवढ्यापुरती आखूड पडते. थोडा दम धर.

रखमी


१९ जुलै १९९८

सावळे,

सोमवारपासनं तीन दिवस पावसानं असं झोडपलं की सिद्धगड दिसेना. ओढा रस्त्यावर आला, धसईची एसटी बंद. मी इरलं घेऊन रोज दोनदा घळीवर जात होती. हे ओरडायचे, "वेडी झालीस काय, पाय घसरला तर तुलाच दगडात लावायला लागंल!" मी काय ऐकते?

तिसरा बांध फुटला, म्हटलं होतं तसंच. बाकी तेरा उभे आहेत. गढूळ पाणी यायचं, बांधाशी थबकायचं, माती खाली ठेवायचं आणि दगडांमधनं निवळ होऊन पुढं जायचं. मी उभी राहून बघत बसली, मला घरी जावंसं वाटेना. सातव्या बांधामागं गुडघाभर माती बसलीय. अनिताबाई छत्री घेऊन बघायला आली. मी बोलली, बाई, तुमच्या पुस्तकातलं चित्र आता बदला. ती बोलली, वीस वर्षं लागतील टेप हिरवा व्हायला. लागू दे. मोडायला पंधरा लागलीच ना.

कड तसूभर हलली नाय. तुमचा बांध जागेवर आहे. तुमचं खाचर जागेवर आहे, काठोकाठ भरलंय.

आता ते लिहिते. ह्यांना बाहेर पाठवलंय, दार ओढून घेतलंय.

माझं चुकलं, सावळे. मी खणलं आणि तुझ्यावर घातलं. तुमी बकऱ्या हाकत गेलात तेव्हा बरं झालं म्हणाली, ते तर सगळ्यात वाईट. पूजा तेव्हा मागं वळून वळून बघत होती. चार वर्षं घरात दोन चुली असून एकच पेटते, मला तुझी आठवण येते आणि मी ती भाताच्या गोणीत घालून पाठवते. मला माफ कर. नाय केलंस तरी चालेल, पण माझं चुकलं.

लिहून झालं.

आता कामाचं. वाडीतली आवणी उरकली. तुमच्या खाचराची चिखलणी ह्यांनी काल केली, राबातलं रोप वीतभर वर आलंय, हिरवंगार. हे बोलले, लावून टाकू आपण. मी बोलली, खबरदार, ज्याचं त्यानं लावायचं. खाचरात मी पाय ठेवलेला नाय. रोप अजून चार दिवस दम धरेल, पुढं पिवळं पडेल.

हे पत्र पोस्टात टाकत नाय. पाऊस उघडलाय, उद्या पहिल्या एसटीनं ह्यांनाच घेऊन पाठवते. उत्तर लिहीत बसू नको, ह्यांच्याबरोबर नीघ. भावजींना कामावर दोन दिवसांची रजा टाकायला सांग. पूजाचं नाव इथल्या शाळेत घालता येतं, मी मास्तरांना विचारून आलीय. बकऱ्या मागनं आण, उतारावर सोडायच्या नाय, पाला मी कापून आणून घालीन. तुझ्या बाजूची चूल सारवून ठेवलीय.

सगळ्या गावाची खाचरं हिरवी झाली, तुझं एकटं नुसत्या पाण्यानं भरलेलं दिसतं. येणारा-जाणारा विचारतो, "रखमे, हे कोण लावणार?" मी सगळ्यांना सांगून बसलीय, मालकीण येतेय. आता मला खोटी पाडू नको.

तुझी बाय
रखमी